टूबीएचकेमधलं डायनिंग कसं सजवायचं: आधी पसारा, मग लाइट, टेबलाचं नंतर बघू

डायनिंग रूमचे फोटो बघितले की त्यात स्वतंत्र खोली असते, मोठी खिडकी, आठ खुर्च्या, वर झुंबर. पुण्या-ठाण्याकडच्या आपल्या फ्लॅटमध्ये डायनिंग म्हणजे हॉल संपतो आणि किचन सुरू होतं त्याच्या मधला आठ बाय सातचा तुकडा, एका बाजूला फ्रिज, कोपऱ्यात वॉश बेसिन, बेडरूमकडे जाणारा रस्ता तिथूनच आणि बरोब्बर डोक्यावर पंखा. मी त्याच जागेबद्दल लिहितोय. ज्यांच्याकडे खरीच वेगळी खोली आहे त्यांनी हेवा वाटू न देता वाचा, बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

बहुतेक लोक सुरुवात नवीन टेबलापासून करतात, चाळीस-पन्नास हजार तिथेच जातात आणि मग लाइट तोच जुना पांढरा ट्यूब, भिंत तीच कळकट, आणि सहा महिन्यांत नवीन टेबलावर पण तोच ढीग. माझं मत उलटं आहे. टेबल जुनं असलं तरी चालतं, आजूबाजूचं आधी करा, त्यात खर्च कमी आणि फरक जास्त दिसतो.

पहिलं काम: टेबलावर काय काय पडलंय ते बघा

आत्ता उठून बघा. औषधांचा डबा, लाइटचं बिल, दोन चार्जर, लोणच्याच्या बरण्या, बिस्किटांचा अर्धा पुडा, कुणाची तरी शाळेची वही, लग्नपत्रिका, किल्ल्या. हे सगळं तिथे येतं कारण घरात शिरल्यावर हातातलं ठेवायला तीच पहिली सपाट जागा मिळते. त्यामुळे "आजपासून टेबलावर काही ठेवायचं नाही" असं जाहीर करून काहीही होत नाही, प्रत्येक वस्तूला दुसरी जागा द्यावी लागते आणि ती टेबलापासून दोन पावलांवरच लागते, नाहीतर कुणी उठून ठेवणार नाही.

किल्ल्यांना दाराजवळ हूक. कागदांना भिंतीवर एक उभा पॉकेट होल्डर. औषधांना फ्रिजच्या शेजारच्या कपाटात एक ड्रॉवर (फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे गरम होतं). चार्जिंगसाठी टेबलाजवळचा पॉइंट वापरायचाच नाही, हॉलमध्ये एक जागा ठरवून टाका. आणि ज्या वस्तू जेवताना खरंच लागतात, म्हणजे मीठ, तूप, लोणचं, मेतकूट, चटणी, त्या सगळ्या एकाच ट्रेमध्ये. पितळी, लाकडी, वेताचा, कसलाही चालेल, पण एका हाताने उचलता आला पाहिजे, कारण टेबल पुसताना सात बरण्या सरकवायचा कंटाळा येतो म्हणूनच टेबल चिकट राहतं.

एवढं केलं आणि आठवडाभर टिकलं तरच पुढे जा. नाही टिकलं तर एखाद्या वस्तूची नवीन जागा चुकली आहे, ती बदला.

मापं, आणि पेपर अंथरून बघणं

काही आकडे कागदावर लिहून ठेवा. टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच. एका माणसाला ताट, वाटी, पेला आणि कोपर एवढ्यासाठी २४ इंच रुंदी लागते. खुर्ची ओढून बसायला टेबलाच्या कडेपासून साधारण २४ इंच, आणि बसलेल्या माणसाच्या मागून दुसऱ्याला हातात गरम कढई घेऊन जायचं असेल तर ३६ इंच.

आता सात फुटांची म्हणजे ८४ इंचांची जागा घ्या. ३० इंच रुंद टेबल मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना २७-२७ इंच उरतात, म्हणजे बसता येतं पण मागून कुणीच जाऊ शकत नाही, आणि रोज "जरा खुर्ची आत घे" चालू. त्याऐवजी भिंतीला लागून १६ इंच खोलीचा बाक करा, टेबल त्याच्यावर चार इंच येईल असं सरकवा, दोन्ही मिळून ४२ इंच गेले आणि समोर ४२ इंच मोकळे मिळाले. तीच जागा, तेच टेबल. बाकाच्या खाली उघडता येणारी पेटी केली की सणासुदीची ताटं, जास्तीच्या चादरी, सगळं त्यात जातं. फक्त बाकावर आतल्या बाजूला आजी-आजोबांना बसवू नका, त्यांना उठताना दोन्ही हातांना आधार लागतो, त्यांच्यासाठी हाताची खुर्ची बाहेरच्या बाजूला.

टेबल घ्यायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी टेबलाच्या मापाचे जुने पेपर जमिनीवर चिकटवा, खुर्च्या खऱ्याच ठेवा आणि दोन दिवस त्या पेपरच्या कडेने वावरा. फ्रिजचं दार पूर्ण उघडतंय का, बेसिनपाशी उभं राहिलं की पाठ कशाला लागते, रात्री अंधारात पाणी प्यायला जाताना कोपरा मांडीला लागेल का, हे पेपरच सांगतो. रस्त्याच्या मधे येणारं टेबल असेल तर गोल किंवा निदान कोपरे गोलसर केलेलं घ्या. चार फूट व्यासाच्या गोल टेबलावर चार जण आरामात आणि पाचवा जरा सरकून बसतो.

लाइट. इथे घाई करू नका

आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनचा पांढराफट्ट एलईडी असतो, खोक्यावर कूल डेलाइट लिहिलेलं असतं तो. त्याच्या उजेडात वरणाचा पिवळा रंग फिका पडतो, पालेभाजी काळपट दिसते आणि माणसं आजारी. जेवणाच्या टेबलावर २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट लावा, खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. जमलं तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर असलेला घ्या, म्हणजे टोमॅटो टोमॅटोसारखा लाल दिसतो. एका टेबलाला ९ ते १२ वॅटचा एक बल्ब पुरतो. कुणी म्हणेल पिवळ्या उजेडात मुलांचा अभ्यास होत नाही. बरोबर आहे, टेबलावर अभ्यास होत असेल तर जुना पांढरा लाइट काढू नका, वेगळ्या बटणावर राहू द्या.

लटकता लाइट सगळ्यात छान दिसतो कारण उजेड टेबलावरच पडतो आणि आजूबाजूचं, म्हणजे फ्रिज, बेसिन, किचनमधली भांडी, आपोआप मागे जातं. त्याचा खालचा काठ टेबलाच्या वर ३० ते ३४ इंच हवा. स्लॅब साडेनऊ फुटांवर धरला तर वायर आणि शेड मिळून सव्वाचार ते साडेचार फूट लांबी लागते, आणि दुकानात बऱ्याचदा तीन फुटांची वायर असते, तेव्हा आधीच विचारून जास्त वायर घ्या. लावण्याआधी ट्रायल अशी करा: छताला सुतळी बांधून खाली शेडच्या आकाराचं रिकामं पातेलं लटकवा, घरातले सगळे समोरासमोर बसा. समोरच्याचा चेहरा पातेल्यामागे जात असेल तर वर घ्या.

आता खरी अडचण, पंखा. इंटेरिअरच्या फोटोत पंखा नसतोच, आणि आपल्याला मे महिन्यात पंख्याशिवाय घास उतरत नाही. नेहमीचा १२०० मिलिमीटरचा पंखा म्हणजे चार फुटांचा घेर, टेबल त्याच्याच खाली असेल तर लटकता लाइट लावताच येणार नाही, वायर पात्यांत जाईल, आणि घेराबाहेर पण जवळ लावला तर दिवा झुलत राहतो आणि जेवताना सावल्या हलतात. दोन मार्ग आहेत. एक, छताचा पंखा काढून भिंतीवर फिरणारा वॉल फॅन लावा, सात फुटांच्या आसपास, म्हणजे कुणाचा हात जाणार नाही, आणि तेवढ्या जागेला ४०० मिलिमीटरचा पुरतो. दोन, पंखा ठेवा आणि भिंतीवर दोन दिवे घ्या, बाकाच्या बाजूला घेत असाल तर सहा फुटांच्या खाली नको, बाकावरून उठताना डोकं आपटतं. छतातच पॅनल लाइट आहे आणि तो पंख्याच्या पात्यांच्या वर येतो असं असेल तर तो मात्र बदलाच, पात्यांमधून येणारा उजेड चकचक करतो आणि त्याने डोकं दुखतं.

लाइटचा पॉइंट टेबलाच्या बरोबर वर नसला तर भिंत फोडायची गरज नाही. वायर थोडी लांब घ्या, टेबलाच्या मध्यावर छतात एक मजबूत हूक ठोका आणि वायर त्यावरून खाली सोडा, मधला झोल उलट छान दिसतो. इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि एमसीबी बंद करून. आणि सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो, गणपती असो, आपण टेबल भिंतीला सरकवतोच, तेव्हा तो पाच फुटांवर लटकणारा दिवा प्रत्येक पाहुण्याच्या कपाळाला लागणार, म्हणून भिंतीजवळ छताला दुसरा हूक ठेवा, त्या दिवशी वायर त्यावर अडकवून दिवा वर घ्यायचा.

भिंत

लाइट बदलल्याशिवाय रंग निवडू नका, कारण पांढऱ्या उजेडात जो रंग शांत राखाडी वाटतो तोच पिवळ्या उजेडात मळकट दिसतो. शेडकार्डवरून पण नको. छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा चौकोन रंगवा, सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवा लावून बघा.

त्याआधी ओल तपासा. डायनिंगची भिंत बरेचदा बाथरूमची मागची भिंत असते. प्लास्टिकच्या कागदाचा दीड फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने पक्का चिकटवून दोन दिवस ठेवा, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत ओल आहे, आधी ते काम, रंग नंतर. अशा भिंतीवर वॉलपेपर तर अजिबात नको, पहिल्या पावसाळ्यात कडा सुटतात आणि मागे बुरशी. रंगकाम पावसाळा संपल्यावर भिंती सुकल्या की काढा, दिवाळीच्या तोंडावर मात्र पेंटर मिळत नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

एकच भिंत रंगवायची, ज्याला बाक किंवा टेबल लागून आहे ती. आठ बाय नऊची भिंत म्हणजे ७२ चौरस फूट, रंगाच्या दोन हातांना साधारण एक लिटर लागतो. रंगाचं म्हणाल तर गेरूसारखा विटकरी, मऊ हळदी, किंवा जुन्या लाकडी खिडक्यांना असायचा तसा करडा हिरवा, हे तिन्ही पिवळ्या दिव्यात सुंदर दिसतात आणि स्टीलची ताटं त्यांच्यासमोर चमकतात. जागा पश्चिमेची असेल, संध्याकाळचं ऊन थेट येत असेल, तर विटकरी टाळा, आधीच तापलेली जागा अजून तापल्यासारखी वाटते, तिथे हिरवा.

अजून एक गोष्ट, जी आपल्या जुन्या चाळींत आणि शाळांत असायची आणि आपण उगाच सोडली: खालच्या तीन-साडेतीन फुटांना ऑइल पेंटचा पट्टा, वर साधा रंग, मधे एक बारीक रेघ. खुर्चीच्या पाठी नेमक्या त्याच उंचीवर घासतात, मुलांचे तुपाचे हात पण तिथेच लागतात, आणि ओल्या फडक्याने पुसलं की साफ. आता चकचकीत नको असेल तर सॅटिन फिनिशचा इनॅमल मिळतो. खालचा पट्टा गडद, वरची भिंत त्याच रंगाची फिकी, मधली रेघ मास्किंग टेप लावून. रंग पूर्ण वाळायच्या आधी टेप ओढून काढायची, नाहीतर रंगाचे पापुद्रे टेपबरोबर येतात.

भिंतीवर काय लावायचं? एकच मोठं काहीतरी लावा, नऊ छोट्या फ्रेम नको, त्यांच्यावर फोडणीचा तेलकट थर बसतो आणि नऊ काचा कोण पुसणार. डायनिंगमध्ये आपण बसलेले असतो म्हणून फ्रेम हॉलपेक्षा जरा खाली लावायची, बाकाच्या पाठीपासून आठ-दहा इंच वर तिचा खालचा काठ आला की बरं दिसतं. वारली चित्र घेणार असाल तर डहाणू, जव्हार, पालघरकडच्या कलाकारांकडून हाताने काढलेलं घ्या, छापील स्टिकर नको. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि त्या भागात आज कितीतरी जण हे काम करतात. स्वतः काढायचं असेल तर गेरू रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या ॲक्रेलिकने तारपा नाच काढा, गोलाकार असल्यामुळे जेवणाच्या जागी शोभतो. देवचौक मात्र काढू नये असं मला वाटतं, तो लग्नविधीतला आहे, शोभेची वस्तू नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे कथा सांगण्यासाठी काढलेली चित्रं, पण फार देखणी असते आणि फार कमी घरांत दिसते.

आरसा लावायचा असेल तर आधी समोर काय आहे ते बघा. खिडकी समोर असेल तर जागा दुप्पट उजळते. किचनचं सिंक समोर असेल तर खरकटी भांडी दुप्पट.

बेसिन आणि फ्रिज

सगळ्यात दुर्लक्षित कोपरा आणि पाहुण्यांना सगळ्यात आधी दिसणारा. बेसिनखालचा पाइप झाकायला छोटं कपाट करा पण प्लायवूडचं नको, तिथे पाणी ठिबकतंच आणि प्लाय फुगतं, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) किंवा पीव्हीसी बोर्डचं करून घ्या. मागच्या भिंतीला दीड-दोन फूट टाइल. टूथब्रश आणि दाढीचं सामान असेल तर ते आरशामागच्या बंद कपाटात, जेवताना समोर टूथब्रश दिसणं बरं नाही.

फ्रिज लपवायला चारी बाजूंनी कपाट बांधू नका, त्याला हवा लागते, मागे आणि बाजूला दोन-तीन इंच तरी मोकळी जागा सोडा. दारावरची लग्नाची मॅग्नेट, पिझ्झाची कूपन्स आणि डोक्यावरचं कापड काढलं तरी अर्धं काम होतं.

टेबल, खुर्च्या

जुनं सागवानी किंवा शिसवी टेबल असेल तर फेकू नका. घासून नवीन पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करून घ्या, मेलामाइन पॉलिशपेक्षा महाग पडतं पण पाणी आणि गरम भांडं जास्त सोसतं. वरचं ते पारदर्शक जाड प्लास्टिक मात्र काढा, त्याच्याखाली पाणी अडकतं आणि वर कुकर ठेवला की पांढरा डाग.

पांढऱ्या संगमरवराच्या टेबलाबद्दल एक सांगतो. आपलं जेवण म्हणजे हळद, कोकम, लिंबू, चिंच. लिंबाने संगमरवराची चकाकीच खाल्ली जाते आणि तो डाग नसतो, पॉलिशच गेलेलं असतं, पुसून जात नाही. दगडच हवा तर ग्रॅनाइट घ्या. हळदीचा डाग कापडावर किंवा लॅमिनेटवर पडला तर साबणाने धुवून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो, टेबल उचलून नेता येत नसेल तर खिडकीच्या बाजूला तरी सरकवा.

खुर्च्यांना रेक्झिन नको, मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि कपड्यांना चिकटतात. चेनवाली कव्हरं असलेल्या गाद्या करा, प्रत्येकी दोन जोड, एक धुवायला एक वापरायला. खुर्च्या वेगवेगळ्या असतील तर काही हरकत नाही, गाद्या एकाच कापडाच्या केल्या की सेट वाटतो. पायांना खाली फेल्टचे गोल चिकटवा, खालच्या मजल्यावरचे पण दुवा देतील.

वरची सजावट, म्हणजे जी सगळे आधी करतात ती

खणाचा रनर मला सगळ्यात आवडतो. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे रनरला कापड वाया जात नाही, साधारण १२ ते १४ इंच रुंद आणि दोन्ही बाजूंना सहा-सात इंच लोंबेल एवढा लांब शिवायचा, खाली सुती अस्तर. पहिल्या धुण्यात रंग सोडतो, वेगळा धुवा. आईच्या जुन्या पैठणीचा रनर करायची फॅशन आली आहे, ती करू नका हो, पैठणीचा रनर म्हणजे आमटीला आमंत्रण. त्याचा पदर काचेत फ्रेम करून भिंतीवर लावा, तिथे तो जपलाही जाईल.

टेबलाच्या मधे जे ठेवाल ते बारा इंचांपेक्षा उंच नको. चिनी मातीची लोणच्याची बरणी, तांब्याचा छोटा तांब्या आणि त्यात मनी प्लांटची फांदी, एवढं पुरे. पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन मठारकाम केलेलं एखादं भांडं बघा, हातोडीच्या ठोक्यांच्या त्या बारीक खळग्यांवर पिवळा दिवा पडला की दुसरी सजावट लागत नाही. समुद्राकाठी राहत असाल तर तांबं-पितळ पटकन काळं पडतं, चिंच-मीठ लावून घासायची तयारी असेल तरच घ्या, नाहीतर दगडी किंवा मातीचं.

भाड्याचं घर असेल तर

ड्रिल करायला मालक देत नाही, हे गृहीत धरूया. चिकटवायचे हूक टाइलवर आणि काचेवर छान टिकतात, पण पुट्टी-डिस्टेंपरच्या भिंतीवरून रंगासकट खाली येतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. म्हणून चित्र लावायचं नाही, टेकवायचं, बाकाच्या किंवा उंच कपाटाच्या वर भिंतीला टेकवून ठेवलेली मोठी फ्रेम मुद्दाम केल्यासारखी दिसते. बाक सुताराकडून सुटा करून घ्या, भिंतीला न जोडलेला, म्हणजे पुढच्या घरात बरोबर येतो. बल्ब मात्र पहिल्याच दिवशी बदला, जुना काढून कपाटात ठेवा आणि घर सोडताना तोच परत लावा. लटकत्या दिव्याऐवजी वाकलेल्या दांडीचा, टेबलावर झुकणारा उभा दिवा मिळतो, त्याचं बूड जड आहे ना ते दुकानातच हलवून बघा, आणि वायर चालायच्या वाटेत येणार असेल तर तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, बाकाच्या मागच्या कोपऱ्यात उभा करा.